घरच्या घरी मोड आलेली कडधान्ये : खाण्यासाठी आणि विक्रीसाठी

(शेतकरी मंडळींसाठी दिलेल्या नभोवाणी भाषणाचा मजकूर)



अंबरनाथ, बदलापूर, वांगणी या पट्ट्यातला आपला शेतकरी मुख्यतः भाताचा. भात कापून झालं, झोडणी उरकली, की खाचरात जो अंगओलावा राहतो त्यावर आपण वाल टाकतो. कुणी मूग, कुणी हरभरा, कुणी चवळी घेतो. बांधावर तूर असतेच. घरापुरतं ठेवून उरलेलं कडधान्य आपण पोत्यानं व्यापाऱ्याला देतो. तेच कडधान्य पुढं उल्हासनगरच्या, बदलापूरच्या बाजारात मोड आणून, पाव-अर्धा किलोच्या हिशेबानं विकलं जातं. मधला फायदा दुसऱ्याच्या हाती जातो. मोड आणायला यंत्र लागत नाही की कारखाना लागत नाही. रोवळी, कापड, स्वच्छ पाणी आणि थोडी शिस्त एवढ्यावर काम होतं. ते कसं करायचं, त्यात नफा किती, आणि धोका कुठं आहे, हे तिन्ही आज पाहू.

गिऱ्हाईक आपल्या दारातच आहे. १९४९ साली कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागी निर्वासित सिंधी बांधवांची वस्ती उल्हासनगर या नावानं वसली. आज ते मोठं शहर आहे. अंबरनाथ आणि बदलापूर लोकलच्या जोरावर वाढली. सकाळी डबा घेऊन गाडी पकडणाऱ्या माणसाला रात्री कडधान्य भिजत घालायला सवड नसते. संध्याकाळी स्टेशनाबाहेर मोड आलेली मटकी दिसली की तो घेतो. मिसळवाले, खानावळवाले तर रोजचे गिऱ्हाईक.

मोड आल्यानं काय होतं?

दाणा म्हणजे झोपलेलं रोप. पाणी मिळालं की तो जागा होतो आणि साठवलेलं अन्न मोडून कोंबाला पुरवतो. त्यामुळं पोटात वायू धरणाऱ्या साखरा कमी होतात, उसळ लवकर शिजते आणि पचायला हलकी होते. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, ते मोडाबरोबर तयार होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या हिंदी सैनिकांना ताजी भाजी न मिळाल्यानं हिरड्यांतून रक्त येण्याचा स्कर्व्ही रोग झाला होता. त्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आलेली कडधान्यं या रोगावर उपयोगी पडतात हे प्रयोगानं दाखवलं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मोड आले की प्रथिनं वाढतात असं पुष्कळजण सांगतात. तसं नाही. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. तेच मूग भिजून, मोड येऊन दुपटीच्या आसपास वजनाचे होतात, पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. प्रथिनं होती तेवढीच राहतात, फक्त पचायला सोपी होतात. गिऱ्हाइकाला खरं ते सांगा. खोटा गुण सांगून माल फार दिवस खपत नाही.

दाणा कसा निवडावा?

सगळं काम दाण्यावर अवलंबून आहे. याच हंगामातला किंवा फार तर गेल्या हंगामातला, पूर्ण पिकलेला, उन्हात वाळवलेला दाणा घ्यावा. दाताखाली धरला तर कट्‌कन फुटला पाहिजे. भुंगेऱ्यानं पोखरलेला, फुटका, सुरकुतलेला दाणा पाखडून, निवडून काढावा. फुटक्या दाण्याला मोड येत नाही. तो भिजतो, कुजतो आणि शेजारच्या चांगल्या दाण्यांना वास लावतो.

सगळं पोतं भिजवण्याआधी परीक्षा घ्या. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन दिवसांनी नव्वदच्या वर दाण्यांना मोड दिसले तर माल उत्तम. ऐंशीच्या खाली आले तर तो माल विक्रीला भिजवू नका, त्याची डाळ करा. काही दाणे भिजतच नाहीत, खड्यासारखे राहतात. त्यांना आपण गणंग म्हणतो. भिजवणीनंतर ते हाताला लागतात, तेव्हाच वेचून टाकावेत, नाहीतर गिऱ्हाइकाच्या दाताखाली येतात.

पेरणीचं बियाणं कधीही भिजवू नका

बंधूंनो, हे नीट ऐका. पेरणीसाठी पिशवीतून आणलेलं बियाणं बहुधा थायरम किंवा कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. ओळखू यावं म्हणून त्याला गुलाबी, लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो. पेरून दोन-तीन किलो उरतं, फेकायला जीव होत नाही, आणि घरातली माणसं म्हणतात, धुऊन घेतलं की झालं. धुतल्यानं रंग जातो, विष जात नाही. असं बियाणं खायचं नाही, विकायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही. बियाणाचं पोतं आणि खाण्याचं पोतं घरात वेगळ्या जागी ठेवा. बियाणाच्या पोत्यावर ठळक खूण करा, म्हणजे तुम्ही शेतावर असताना घरात कुणाची गफलत होणार नाही.

साठवणीतही हेच. भुंगेऱ्यासाठी काहीजण घरातल्या कणगीत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. राहत्या घरात या गोळ्या कदापि वापरू नयेत. कडधान्य कडक वाळवून, गार करून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावं. घरापुरतं असेल तर चाळलेली कोरडी राख मिसळण्याची आपल्या आजीची रीत आजही चांगली आहे.

पाणी कुठलं?

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ, बदलापूरवरून कल्याणच्या खाडीकडे जाते. वाटेत वस्त्यांचं सांडपाणी तिला मिळतं. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीची स्थिती तर सर्वांना ठाऊक आहे. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी तिच्यात येतं. या नद्यांचं किंवा नाल्याचं पाणी कडधान्य धुवायला वा भिजवायला मुळीच वापरू नये. कारखान्याच्या पाण्यातली रसायनं उकळूनही जात नाहीत.

नळाचं शुद्ध केलेलं पाणी किंवा चांगल्या बांधीव विहिरीचं पाणी घ्यावं. विहिरीचं पाणी खळखळ उकळून, झाकून गार करून वापरावं. ग्रामपंचायतीकडून विहिरीत वेळच्या वेळी टीसीएल पावडर टाकून घ्यावी. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल, तर विहीर उपसून, पावडर टाकून, पाणी तपासून येईपर्यंत विक्रीचा माल भिजवूच नये. २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ चे पूर आपल्या भागानं पाहिले आहेत. असे दिवस पुन्हा येऊ शकतात.

कृती

पहिल्यांदा एक किलो मुगावर हात बसवा.

साबणानं हात धुवा. मूग तीन-चार पाण्यांतून चोळून धुवा. वर तरंगणारे दाणे काढून टाका. मग मुगाच्या तिप्पट पाण्यात भिजत घाला. मुगाला आठ तास पुरतात. मटकी आणि चवळीला आठ ते दहा तास, हरभरा आणि वालाला दहा ते बारा तास लागतात. थंडीत पाणी कोमट घ्यावं. वालाचं पाणी मध्ये एकदा बदलावं. त्याहून जास्त वेळ दाणा पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण भिजलेल्या दाण्याला हवा लागते. ती मिळाली नाही तर तो गुदमरतो आणि आंबतो.

भिजवणीचं पाणी ओतून द्या आणि स्वच्छ पाण्यानं पुन्हा धुवा. बांबूची रोवळी घ्या, ती उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेली असावी. तिच्यात उकळून घेतलेलं सुती कापड पसरा, त्यावर निथळलेले मूग घाला, कापडाची टोकं वर घ्या आणि रोवळी उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा. खाली ताट ठेवा, पण निथळलेल्या पाण्यात रोवळीचं बूड बुडता कामा नये. घरापुरतं करायचं असेल तर गाठोडं बांधून टांगलं तरी चालतं.

उन्हाळ्यात मुगाला आणि मटकीला आठ ते बारा तासांत मोड येतात. थंडीत तोच माल पूर्ण दिवस घेतो. वालाला एक ते दीड दिवस धरावा. दर सहा-आठ तासांनी कापड उघडून स्वच्छ पाणी शिंपडावं आणि दाणे हलक्या हातानं खालीवर करावेत. मोड दाण्याच्या लांबीएवढा झाला की उसळीचा माल तयार.

एक किलोवर जमलं म्हणून लगेच दहा किलो एकाच गाठोड्यात बांधू नका. मोड येताना दाणा श्वास घेतो आणि उष्णता टाकतो. मोठ्या ढिगात ही उष्णता कोंडते, मधला माल तापतो, बुळबुळीत होतो आणि आंबूस वास सुटतो. म्हणून दोन-तीन इंचांपेक्षा जाड थर करू नये. माल वाढवायचा तर रोवळ्या वाढवा. वास आलेला किंवा चिकट झालेला माल धुऊन विकू नये, तो खतखड्यात टाकावा.

चायनीजच्या गाड्यांवर मुगाचे बोटभर लांब पांढरे मोड लागतात. त्यांना चार-पाच दिवस पूर्ण अंधार, वरून दाब आणि दर चार-सहा तासांनी भरपूर पाणी द्यावं लागतं. वाटेत कुजण्याचा संभव जास्त. आधी उसळीच्या मोडावर हात बसू द्या, मग तिकडे वळा.

आपला वाल

मूग-मटकी कुठूनही येतात, पण कडवा वाल ही आपल्या ठाणे-रायगडची खासियत. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलले की झाल्या डाळिंब्या, आणि त्यांचं झालं बिरडं. श्रावणात सामिष खाणं बंद असतं, तेव्हा घरोघरी बिरड्याची आठवण होते. पण शहरातल्या नोकरदार घरात वाल सोलत बसायला कुणाला वेळ नाही. सोललेल्या डाळिंब्या नेल्या तर न सोललेल्या वालापेक्षा भाव जास्त मिळतो. सोलण्याची मजुरी मात्र हिशेबात धरा. साली गुरांना थोड्या थोड्या घालता येतात.

वालाबद्दल एक सूचना. कच्च्या वालात कडवट, अपायकारक द्रव्यं असतात. भिजवणं, मोड आणणं, सोलणं आणि पूर्ण शिजवणं या चारही पायऱ्या मिळून ती निघतात. वाल कच्चा खाऊ नये. राजम्याचेही मोड कच्चे खाऊ नयेत, त्यानं उलट्या-जुलाब होतात.

वालाचं बी बदलायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं कोकण वाल १ आणि कोकण वाल २ हे वाण दिलेले आहेत. वाल मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र साठवतो, त्याचा थोडा फायदा पुढच्या भातालाही मिळतो.

कच्चे की शिजवलेले?

जी ऊब आणि जो ओलावा दाण्याला लागतो, तोच रोगजंतूंनाही मानवतो. दाण्याच्या सालीवर शेणाचा, मातीचा अंश असेल तर मोड येईपर्यंत जंतू लाखोंनी वाढतात, आणि डोळ्यांना काही दिसत नाही, वासही येत नाही. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलाय जातीचा जंतू पसरला. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासाहून अधिक दगावली. तपास केला तेव्हा इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियाण्यापर्यंत माग पोचला. सुधारलेला देश, स्वच्छ शेत, तरी असं घडलं.

आपली उसळीची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. मोड चांगले उकळून, वाफवून, आतपर्यंत शिजवून खावेत. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांना तर कच्चे मोड देऊच नयेत. शिजवल्यानं क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होतं, ते भरून काढायला वरून लिंबू पिळावं. लिंबामुळं कडधान्यातलं लोहही अंगी लागतं. विकताना गिऱ्हाइकाला सांगत जा, ‘शिजवून खा.’

आणखी एक गोष्ट. घरात कुणाला जुलाब, उलट्या किंवा कावीळ असेल, तर त्या माणसानं विक्रीच्या मालाला हात लावू नये. गोठ्यातलं काम करून आलेल्यानं हात धुतल्याशिवाय रोवळीजवळ जाऊ नये. रोवळ्या गोठ्यापासून लांब ठेवाव्यात.

नफा किती?

पुष्कळजण विचारतात, एकाचे दोन किलो होतात म्हणजे दुप्पट पैसे का? नाही. आपण एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत, भाव तुमच्या बाजाराचे घाला.

समजा एक किलो मूग १२० रुपयांचे. निवडून, भिजवून, मोड आणून दोन किलो माल झाला. तो ९० रुपये किलोनं गेला तर १८० रुपये आले. वरचे ६० रुपये. त्यातून सरपण-गॅसचे ८, पिशव्यांचे ६ आणि भाड्याचे १० वजा जाता राहिले ३६. दहावा हिस्सा माल खपला नाही तर आणखी १८ गेले आणि हातात राहिले १८ रुपये. आणि चौथा हिस्सा उरला तर? ४५ रुपयांचा माल गेला, म्हणजे किलोमागे ९ रुपये पदरचे घालावे लागले. यात तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही.

म्हणजे या धंद्यात नफा मोडांत नाही, न उरण्यात आहे. मूग घरचे आहेत म्हणून ते फुकट धरू नका. व्यापाऱ्यानं जो भाव दिला असता तो खर्चात मांडा. त्याच्यावर काही उरलं तरच मोड आणण्याला अर्थ आहे.

म्हणून आधी गिऱ्हाईक, मग भिजवण. दोन खानावळी, एक मिसळवाला आणि वीस-पंचवीस घरं अशी बांधीव गिऱ्हाइकं करा. त्यांना वार ठरवून द्या, आणि जेवढी मागणी तेवढंच भिजवा. एकट्या घराला रोज जमत नसेल तर बचत गटातल्या चार-पाच बायांनी वार वाटून घ्यावेत. एकीनं निवडायचं, दुसरीनं भिजवायचं, तिसरीनं बाजार करायचा. एका वहीत किती भिजवलं, किती विकलं, किती उरलं हे रोज लिहावं. महिनाभरानं वहीच सांगेल की धंदा करावा की नाही.

वेळेचं गणित उलटं मांडा. थंडीत शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मूग बाजारात हवे असतील, तर शुक्रवारी सकाळी सहाला भिजत घाला. दुपारी दोनला निथळून रोवळीत भरा. शनिवारी दोनला माल तयार, तीनला गाडी. उन्हाळ्यात मात्र शुक्रवारी रात्री नऊला भिजवून शनिवारी पहाटे पाचला रोवळीत घातले तरी दुपारपर्यंत मोड येतात. मोड आलेला माल बिनबर्फाचा उन्हाळ्यात अर्धा दिवस, थंडीत एक दिवस टिकतो. म्हणून ओल्या कापडाखाली, सावलीत, हवा खेळती ठेवून न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून उन्हात ठेवलेला माल दोन तासांत घामटतो.

खाण्याचा पदार्थ विकायचा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ प्रमाणे लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करून ती आधी करून घ्या, म्हणजे पुढं त्रास नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पेरणीचं, औषध लावलेलं बियाणं कधीही भिजवू नये.
२. शंभर दाण्यांची परीक्षा घेतल्याशिवाय मोठा घाणा भिजवू नये.
३. नदी-नाल्याचं पाणी नको. विहिरीचं पाणी उकळून गार केलेलं हवं.
४. भिजवण मुगाला आठ तास, वालाला दहा ते बारा तास.
५. थर दोन-तीन इंचांचा, मधून मधून खालीवर करावा.
६. वास आला की माल खतखड्यात.
७. मोड शिजवूनच खावेत आणि गिऱ्हाइकालाही तसं सांगावं.
८. मागणी असेल तेवढंच भिजवावं, हिशेब रोज लिहावा.

मंडळी, यंदा वाल निघाला की सगळी पोती एकदम व्यापाऱ्याच्या गाडीत चढवू नका. एक मण बाजूला ठेवा. आधी घरच्यांना आठवड्यातून दोनदा मोडाची उसळ घाला. मग दोन रोवळ्यांवर महिनाभर विक्री करून पाहा. वहीत नफा दिसला तर पुढच्या वर्षी वाढवा, नाही दिसला तर उरलेला वाल तसाच विका. तो काही वाया जात नाही. काही अडचण आली तर आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला किंवा तालुका कृषी कार्यालयात भेटा.